उभ्या गाडीची थरथर

५ मार्च

दादा,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्या शेजारच्या दुकानदाराकडे निरोप ठेवला तर तो भलतंच काहीतरी सांगतो, म्हणून लिहितेय. वाचलंस की लगेच उत्तर टाक.

गाडी बिघडली आहे. मीच बिघडवली म्हण. सोमवारी पेट्रोल भरायला गेले तर पंपावरच्या माणसाने एक बाटली दाखवली, पेट्रोलमध्ये टाकायचं औषध. म्हणाला, जुन्या गाड्यांची आतली घाण याने साफ होते, मग चढावर दम लागत नाही. आपली गाडी चढावर धापा टाकते हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे, पण नेमकं बोलला. मी थोडंसं टाकलं.

मंगळवारी हॉस्पिटलला निघालो आणि पहिल्याच सिग्नलला गाडी थरथरायला लागली. स्टिअरिंग, आरसा, ह्यांच्या मांडीवरची फाइल, सगळं हलत होतं. मग एक आचका देऊन बंद. मागचे हॉर्न वाजवायला लागले. पुन्हा चालू केली तर चालताना ठीक, थांबली की तेच. घाटात उतारावर पाय उचलला तेव्हा दोनदा बंद पडली. दादा, उतारावर गाडी बंद पडली की स्टिअरिंग किती जड होतं हे मला पहिल्यांदा कळलं. हे नुसते वरची कडी धरून बसले.

पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. ह्यांना अकराला मशीनवर घेतात आणि पुढच्या माणसाची वेळ ठरलेली असते, त्यामुळे उशीर झाला तो ह्यांच्याच वेळेतून गेला. रक्त कमी साफ झालं. नर्स म्हणाली, एकदा चालतं, सवय लावू नका. जशी काही आम्हाला हौस आहे.

मंगळवार आणि शुक्रवार, सत्तर किलोमीटर जायचं आणि सत्तर यायचं. ह्यांना अंधारी येते म्हणून गाडी चालवायची मनाई. बस तीनदा बदलावी लागते. भाड्याच्या गाड्या घाटाचं नाव काढलं की नाही म्हणतात. तू चाळीस वर्षं इंजिनं उघडलीस. सांग काय करू.

तुझी,
धाकटी

---

८ मार्च

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागवत नाही. पण 'थोडंसं' म्हणजे किती? तू लहानपणी साखर 'थोडीशी' घ्यायचीस ते मला आठवतं. बाटलीतलं किती ओतलंस आणि टाकीत तेव्हा पेट्रोल किती होतं, दोन्ही आकडे लिही. लाजू नकोस, डॉक्टरपासून लपवत नाहीत.

आता तीन गोष्टी कर. इंजिन माझ्यासमोर असतं तर मी काय पाहिलं असतं तेच सांगतोय.

पहिली. गाडी उभी ठेवून चालू कर आणि एक्सलरेटर अगदी हळूहळू दाब. थरथर थांबते का, आणि किती दाबल्यावर थांबते? मग पाय सोड. लगेच सुरू होते की थोड्या वेळाने?

दुसरी. इंजिन गार झाल्यावर चारही प्लग काढ. पाना टूलकिटमध्ये लाल फडक्यात गुंडाळलेला आहे, मीच ठेवलाय. प्रत्येक प्लगचं टोक कसं दिसतं ते लिही. तपकिरी असेल तर बरं. काळं ओलं असेल तर वेगळं. एखादाच वेगळा दिसतोय का ते बघ. ज्या जागेचा त्याच जागेत परत बसव.

तिसरी. पेट्रोलच्या नळीत छोटा फिल्टर आहे, आरपार दिसतो. त्यात काय साठलंय?

थरथर एका तालात आहे की कशीही, तेही लिही. हे मी ऐकून सांगितलं असतं, पण आता तुझे कान उसने घ्यावे लागतायत. उजव्याने तर गेल्या वर्षीच राम म्हटलं, डावा अजून थोडा कुरकुरतो.

शुक्रवारचं काय केलंस? घाटात पाय पूर्ण उचलू नकोस, खालच्या गिअरमध्ये उतर. मेहुण्यांना नमस्कार सांग. माझी पत्रं त्यांनाही वाचू दे, मास्तर माणूस आहे, सूचना तुझ्यापेक्षा नीट पाळेल.

दादा

---

१२ मार्च

दादा,

पूर्ण बाटली. आणि टाकीत पाव टाकीपेक्षाही कमी पेट्रोल होतं. बाटलीवर चाळीस लिटरला एक असं लिहिलेलं मी घरी आल्यावर वाचलं. मला वाटलं, जास्त टाकलं तर जास्त साफ होईल. झालं तुझं समाधान?

शुक्रवारी आणि काल तू सांगितल्याप्रमाणे खालच्या गिअरमध्ये गेले. पोचलो. एकदा सिग्नलला आणि एकदा टोलनाक्यावर बंद पडली. तिथल्या माणसाने गाडी बाजूला ढकलायला मदत केली आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाला, काका तुम्ही उतरून हात का लावत नाही? ह्यांनी शर्टाची बाही वर करून हातावरच्या सुयांच्या खुणा दाखवल्या. तो माणूस पार गोरामोरा झाला.

आता तुझ्या परीक्षेची उत्तरं. हे स्टुलावर बसून पत्र मोठ्याने वाचत होते आणि मी वाकून काम करत होते. वर्गात उभं केल्यासारखं प्रत्येक वाक्य दोनदा वाचायचे. मजा आली खरं सांगते, बऱ्याच दिवसांनी आम्ही मिळून काहीतरी केलं.

एक: एक्सलरेटर थोडासा दाबला की थरथर थांबते. पूर्ण थांबते. पाय सोडला की दोन सेकंदांत परत. दोन: चारही प्लग तपकिरी, किंचित लालसर. वेगळा कोणी नाही. तीन: फिल्टरमध्ये गाळ साठलाय, चहाचा चोथा असतो तसा. ताल नाही, कशीही थरथरते, थंडी वाजणाऱ्या माणसासारखी.

औषधाने इंजिन जळलं का? खरं काय ते सांग. बेकरीत पहाटे साडेतीनला पोचावं लागतं, तिथेही हीच गाडी नेते. हिच्यावाचून माझं पान हलत नाही.

धाकटी

---

१५ मार्च

धाकटे,

इंजिन जळलेलं नाही. आधी हे वाच आणि पाणी पी.

वेग दिल्यावर इंजिन नीट चालतं, म्हणजे आत सगळं शाबूत आहे. प्लग लालसर झालेत ते औषधाने, त्याने काही बिघडत नाही. झालं असं. तुझ्या टाकीत वीस वर्षांचा चिकटा तळाशी निवांत बसलेला होता. तू चौपट औषध ओतून त्याला उठवलंस. तो विरघळून निघाला, अर्धा फिल्टरमध्ये अडकला, आणि अगदी बारीक होता तो पुढे कार्ब्युरेटरमध्ये गेला. तिथे पितळेचा एक जेट असतो. पाय सोडलेला असताना इंजिनाला जेमतेम जगण्यापुरतं पेट्रोल तोच पाजतो. त्याचं भोक केसाएवढं. ते बुजलंय. म्हणून चालताना ठीक, उभी राहिली की थरथर.

टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भर. फिल्टर बदल. मागच्या पानावर चित्र काढलंय, त्यात १ लिहिलंय तो जेट. बाहेरूनच फिरवून निघतो. पेट्रोलमध्ये बुडव, सायकलच्या पंपाने हवा मार, उजेडाकडे धरून भोकातून आरपार बघ. तार किंवा सुई घालायची नाही. भोक मोठं झालं तर जेट फेकून द्यावा लागेल.

चित्रात २ लिहिलंय ती रबरी नळी. इंजिनाच्या वरच्या झाकणातून निघून कार्ब्युरेटरखाली जाते. काम करताना ती कोपराने निसटते, माझ्याच हातून कितीदा निसटली असेल. निसटली तर गाडी अगदी अशीच थरथरेल आणि तू जेटला शिव्या देत बसशील. नुकसान काही नाही, परत खोचली की झालं. पण तिच्या शेजारी जाड नळी आहे, लाल गोल केलाय, ती ब्रेककडे जाते. तिला कुणीही बोट लावायचं नाही.

दादा

---

१९ मार्च

दादा,

सुटलो. रविवारी जेट काढला, भोकातून खिडकीतला उजेड दिसेपर्यंत हवा मारली. चालू केली तर इंजिन चालू आहे की नाही हे बघायला हे वाकले. काल हॉस्पिटलला जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही. अकराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दारात.

येताना एका वळणावर चाक जरा खडीवर गेलं. विशेष काही नाही, पण हे उगाच दचकले. काल रात्री जेवताना म्हणाले, एखादा शुक्रवार सोडला तर काय होईल? मी म्हटलं, काय होईल ते डॉक्टरांना विचारा.

तू एकदा येऊन जा ना. ह्यांचं आजारपण सुरू होऊन चार वर्षं झाली आणि तू दोनदा आलास, तेही एका दिवसासाठी.

धाकटी

---

२२ मार्च

धाकटे,

पत्र वाचून शेजाऱ्याला चहा पाजला. त्याला कारण कळलं नाही, पण प्यायला.

येणं आत्ता जमणार नाही. वर्कशॉपमध्ये कामाचा ढीग आहे, तीन गाड्या उघडून पडल्यात. मोकळा झालो की बघतो. मेहुण्यांना म्हणावं शुक्रवार सोडायचा नाही, मी बजावून सांगितलंय.

दादा

---

२८ मार्च

दादा,

हे पत्र जादा तिकीट लावून पाठवतेय. परत सुरू झालंय, आणि आधीपेक्षा वाईट.

गेल्या शुक्रवारी सकाळी नऊला निघायचं म्हणून गाडी चालू केली तर थरथर. अंगणातच तीनदा बंद पडली. हे म्हणाले, अशी गाडी घाटात न्यायची नाही, मी बसणार नाही. हट्टालाच पेटले. तो शुक्रवार गेला. शनिवारी मी जेट काढून परत साफ केला, तो साफच होता. रविवारी गाडी आपोआप ठीक. मंगळवारी पहाटे बेकरीला गेले, आले, उत्तम. नऊला काढली तर तेच. शेवटी बसने गेलो. पाच तास लागले. येताना दुसऱ्या स्टँडवर हे बाकावरून खाली घसरले. लोकांनी उचललं. परत बसने न्यायची माझी हिंमत नाही.

आज शुक्रवार. पहाटे ठीक, नऊला थरथर. आजचाही दिवस गेला. ह्यांच्या पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. दोन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपतात. हॉस्पिटलात फोन केला तर डॉक्टर माझ्यावरच ओरडले.

या वेळी आवाजही येतो. किटलीला उकळी फुटायच्या आधी येतो तसा, सूंऽऽ असा. तुझी ती दोन नंबरची नळी मी विसरले नाही. पण माझी कंबर धरली होती म्हणून दोन्ही वेळा ह्यांनीच वाकून पाहिली. म्हणाले, बसलेली आहे.

कोपऱ्यावरचा मिस्त्री रस्त्यावरूनच ऐकून म्हणाला, बाई, औषधाने इंजिन खाल्लं, भंगारात द्या, मी घेतो. मला वाटतं हाच काहीतरी करतोय. पहाटे गाडी बेकरीच्या मागे उभी असते, तिथे कुलूप नाही. मी त्याच्या तोंडावर बोलणार आहे. की खरंच औषधच आहे हे? आणखी एक बाटली टाकून बघू का?

मंगळवारी काही करून जायलाच हवं.

धाकटी

---

२९ मार्च

धाकटे,

हे पत्र मी स्वतः स्टेशनवर जाऊन टपालाच्या डब्यात देतोय, सोमवारी मिळेल.

बाटली टाकू नकोस. मिस्त्रीच्या अंगावर जाऊ नकोस, तो लोभी असेल पण हे काम त्याचं नाही. आणि एक सांगतो ते ऐक: हे पत्र मेहुण्यांना वाचून दाखवू नकोस.

तू स्वतःच सगळं लिहिलंयस, फक्त परत वाचलं नाहीस. बेकरीला जाताना ठीक, बेकरीतून घरी येईपर्यंतही ठीक. मिस्त्रीने पहाटे काही केलं असतं तर येताना थरथरली असती. ती थरथरते नऊला. आठ ते नऊ गाडी कुठे असते? तुझ्या अंगणात. आणि फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. पेट्रोलला वार कळत नाही.

तो सूं आवाज हवा ओढल्याचा आहे. दोन नंबरची नळी निसटलेली असते तेव्हाच येतो. एकदा निसटली तर मी म्हणेन नीट बसली नव्हती. तीनदा निसटते आणि मधल्या दिवशी आपण होऊन परत बसते, असं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही.

माझी पत्रं घरात आणखी कोणी वाचली? नळी बसलेली आहे असं तुला कोणी सांगितलं? मी आणखी लिहीत नाही. माझं चुकत असेल तर मला माफ कर. माझं चित्र बघून हे शिकता येईल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मंगळवारी नऊला गाडी चालू करायच्या आधी तू स्वतः बॉनेट उघड. कंबर मोडली तरी चालेल. दोन नंबरची नळी बघ, आणि लाल गोलवाली दहादा बघ. एक बोट इकडचं तिकडे झालं आणि ब्रेकची नळी सुटली तर त्या घाटात काय होईल, ते मला लिहवत नाही.

दादा

---

३१ मार्च

दादांना नमस्कार.

हे पत्र तुमच्या बहिणीचं नाही, माझं आहे. तुमचं पाकीट आज साडेदहाला आलं तेव्हा ती बाहेर गेली होती. तिच्या नावाचं पत्र मी आजवर कधी फोडलं नव्हतं. आज फोडलं. 'मेहुण्यांना वाचून दाखवू नकोस' या ओळीवर थांबायला हवं होतं. मी पुढे वाचलं.

तुमचं चुकलेलं नाही. नळी मीच काढतो. ती बेकरीतून येऊन आंघोळीला जाते तेव्हा. ब्रेकच्या नळीला हात लावलेला नाही, तुमचा लाल गोल माझ्या लक्षात आहे. तिची बेकरीची पुढची पाळी यायच्या आधी परत खोचतो, कारण पहाटेच्या अंधारात तिची गाडी बंद पडावी असं मला वाटत नाही.

मला मरायचं नाही, हे आधी लिहून टाकतो. मशीनच्या खुर्चीत चार-चार तास बसायचा कंटाळा येतो, पण तेवढ्यासाठी कोणी मरत नाही.

१८ तारखेला येताना तिला झोप लागली. खडीबिडी काही नाही. डोळे मिटलेले होते, हात स्टिअरिंगवर, आणि गाडी सरळ कठड्याकडे चालली होती. मी स्टिअरिंग ओढलं. चाक कठड्याला घासून गेलं. ती जागी झाली आणि म्हणाली, खडीवर गेलं वाटतं. मी म्हटलं, हो. तिला खरंच तसं वाटलं की ती माझ्यासाठी बोलली, मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडस होत नाही. चार वर्षं ती पहाटे तीनला उठते. आठला येते, नऊला मला घेऊन निघते, संध्याकाळी परत आणते आणि मग स्वयंपाक करते. मी काही बोललो की म्हणते, मला काय झालंय, धडधाकट आहे मी.

तिला थांबवायचं कसं? माझं ती ऐकत नाही. माझ्या हातात आता जोर नाही, पण एक रबरी नळी ओढण्याइतका आहे. मला वाटलं, गाडी चालत नाही म्हटल्यावर ती दुसरी काही तरी सोय शोधेल. मला वाटलं तसं झालं नाही. बस झाली, आणि मग काहीच नाही.

उद्या मंगळवार. मला आज जिना उतरताना दोनदा बसावं लागलं. उद्या नळी काढायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

तुमचं पत्र माझ्या खिशात आहे. तिला देण्याचं धैर्य आलं तर देईन.

तुमचा मेहुणा

---

२ एप्रिल, हॉस्पिटल

दादा,

हे वाचायला घेतलंस की आधी एवढं वाच: ते आहेत. आता पुढचं.

काल सकाळी ह्यांना श्वास लागला. बसलेले असताना लागला. ओठ कसेतरीच दिसायला लागले. मी त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. किल्ली फिरवताना, आज ही थरथरली तर काय, एवढंच डोक्यात होतं. थरथरली नाही. एकदम शांत चालली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आज काही होणार नाही तिला. मला वाटलं, धीर देतायत.

घाट सुरू झाल्यावर त्यांनी खिशातून तुझं फोडलेलं पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, नंतर वाच. नळी मी काढत होतो. मी गाडी थांबवायला बघत होते. ते म्हणाले, थांबू नकोस, चालव, मी बोलतो. श्वास घेत घेत, दोन-दोन शब्द करत सगळं सांगितलं. कठड्याचंही.

दादा, मला माहीत होतं. खडी नव्हती ते मला तेव्हाच कळलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ खोटं बोलले, आणि तुलाही खोटंच लिहिलं. कारण खरं बोलले असते तर पुढच्या शुक्रवारी गाडी कोणी चालवली असती? आणि ते 'हो' म्हणाले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की चला, ह्यांना समजलं नाही. त्याआधीही दोनदा डोळा लागला होता. एकदा ते मागे झोपलेले होते.

मग प्रत्येक वळणावर ते मला विचारायला लागले, "जागी?" मी म्हणायचे, "जागी." काल मला झोप येणं शक्यच नव्हतं, पण ते विचारत राहिले. "जागी?" "जागी." उतार संपता संपता त्यांचं विचारणं बंद झालं. मग मी विचारत राहिले, "जागे आहात?" आधी मान हलवायचे. नंतर ती पण हलेना. मी एक हात त्यांच्या छातीवर ठेवून चालवत होते. सिग्नल पाळले नाहीत. दारात गाडी तशीच चालू सोडून मी आत धावले.

फुप्फुसात पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. काल पाच तास मशीनवर ठेवलं, आज परत ठेवलंय. सकाळी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न काय, तर गाडी लॉक केलीस का. शुक्रवारनंतर सोडतील.

मला त्यांचा राग आलाय. इतका, की त्यांच्या खाटेजवळ बसवत नाही, म्हणून बाहेर बाकावर येऊन लिहितेय. स्वतःचा जीव घालवायला निघाले होते आणि मला वाचवतोय म्हणे. आणि माझाही राग आलाय. मी तरी वेगळं काय करत होते? दोघांनी दोन तोंडांनी एकच खोटं बोललो.

बाईसाहेब, झोपा आता, असं काल नर्स म्हणाली. कुठे झोपू?

दादा, तुझे ते कामाचे ढीग तू बाजूला ठेव. मला आता सूचना नको आहेत. ये.

धाकटी

---

४ एप्रिल

धाकटे,

मेहुण्यांचं पत्र बुधवारी आलं, तुझं आज. मधले दोन दिवस मी मंगळवारी काय झालं असेल याचाच विचार करत होतो. शेजाऱ्याला तुमच्या घरी तीनदा फोन करायला लावला. कोणी उचलला नाही.

मीही खोटं बोललोय. कामाचा ढीग वगैरे काही नाही. वर्कशॉपचं शटर दोन वर्षं बंद आहे. शेवटी एक गाडी आली होती. मी कान लावला, मला काही खटखट ऐकू आली नाही, मी म्हटलं घेऊन जा. दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर भर वेगात तिचं इंजिन फुटलं. आत बायका-मुलं होती. कोणाला लागलं नाही, पण तो माणूस परत आला आणि नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. त्यानंतर मी कोणाच्या गाडीला हात लावला नाही. तुला सांगायची लाज वाटली. तुमच्याकडे यायचीही त्यामुळेच. दादा काय करतो म्हणून विचारलंस तर काय सांगू?

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला होता, हेही लिहितो. तू अडचणीत, आणि मला आनंद. कारण कागदावरचं इंजिन ऐकावं लागत नाही. मी घरात बसून हुशारी करत राहिलो. नळीचं कोडं सुटलं तेव्हा तर खूश होऊन मी पत्र लिहिलं, गाडीत बसलो नाही. त्या दिवशी निघालो असतो तर रविवारी तुमच्या दारात असतो. मेहुण्यांनी विचारलंय, मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं. त्यांना सांग, मी माझ्या जागीच काही धड केलं नाही.

सोमवारी संध्याकाळी पोचतो. लायसन्स आहे. ऐकू येत नाही म्हणून गाडी चालवता येत नाही असं नाही, तपासणाऱ्याने दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावायला सांगितले होते, ते बरोबर आणतोय. मंगळवारपासून घाट माझा. एका दिवसासाठी येत नाहीये, ट्रंक घेऊन येतोय, तेव्हा जागा कर. मी घोरतो म्हणतात, मला काही ऐकू येत नाही.

मेहुण्यांवर रागव, पण जवळ बसून रागव.

दादा

---

१५ एप्रिल

दादा,

तू समोरच्या खोलीत आहेस आणि मी चिठ्ठी लिहितेय, कारण हे ओरडून सांगितलं तर सगळ्या गल्लीला कळेल.

आज तुम्ही दोघांनी जे केलंत ते मला आवडलेलं नाही. गेल्या दोन्ही वेळा मी जागी होते. आज पहिल्या वळणानंतर मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा गाडी हॉस्पिटलच्या झाडाखाली उभी होती, काचा चार बोटं खाली केलेल्या, अंगावर तुझा कोट आणि घड्याळात दोन वाजलेले. हे मशीनवर जाऊन तीन तास झालेले. आत जाऊन विचारलं तर हे म्हणतात, दादांनी उठवायला नको म्हटलं. तुला विचारलं तर तू ऐकू येत नसल्यासारखा बघत राहिलास, आणि या बाबतीत मला तुझ्यावर मुळीच विश्वास नाही.

त्यांना आत नेतात तेव्हा मला तिथे असायचं आहे. वजन करतात, सुई लावतात, तेव्हा ते माझा हात धरतात. तुला हे माहीत नव्हतं, म्हणून या वेळी सोडते. पुढच्या वेळी दारात उठवायचं.

मंगळवार आणि शुक्रवारची पाळी मी सोडली. मालकाने तोंड वाकडं केलं, पण दुसरी बाई मिळाली त्याला.

शुक्रवारी मागच्या सीटवर एक उशी टाक. मान अवघडली आहे.

धाकटी